रूळवाटेवरची हिरवी दोरी

त्या सकाळची आठवण झाली की आजही माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गुडघे दुखतात, माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. पण करंगळीएवढ्या जाडीची ती हिरवी दोरी डोळ्यांसमोरून हलत नाही. या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. काही जण हयात आहेत, काहींची मुलं-नातवंडं अजून त्याच भागात आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी बालाघाटाच्या डोंगराकडचा. वडील कोरडवाहू शेती करत आणि रिकाम्या दिवसांत अंबाडीच्या दोऱ्या वळत. दोरीचं दुसरं टोक धरायला मी लागायचो, त्यामुळे सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. त्या काळी सातवीवर पोलिसात घेत. मला घेतलं आणि थेट बोईसर-तारापूरकडे पाठवलं. समुद्र मी तिथंच पहिल्यांदा पाहिला. स्वभावानं मी घाबरट. खाकी अंगावर चढली की भीती जाईल असं वाटलं होतं. ती फक्त आतल्या खिशात गेली.

आल्यावर दोन महिन्यांत मला हिवतापानं धरलं. खोलीत एकटा पडून होतो. गाव चारशे कोसांवर असल्यासारखं वाटत होतं. तेव्हा आमच्याच तालुक्यातला एक माणूस, तोवर माझी ओळखसुद्धा नसलेला, चौकशी करत आला. मला पाठुंगळी मारून आपल्या खोपट्यात घेऊन गेला आणि बारा दिवस भाकरी कुस्करून भरवली. त्यांना सगळे नाना म्हणत. मी आज जिवंत आहे तो त्या बारा दिवसांमुळे, असं मी मानतो.

नाना रेल्वेच्या फाटकावरचा माणूस. म्हणजे पूर्वीचा. बोईसरकडून समुद्राच्या बाजूला एक मालाची लाईन गेली होती. किनाऱ्याकडची मोठी बांधकामं चालू होती तेव्हा खडी, लोखंड, यंत्रं त्या लाईनीनं जात. कामं संपली, गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले. राहिला तो मातीचा उंच भराव, खाडीच्या चिखलावरची एक मोरी, म्हणजे छोटा पूल, आणि कुंभवलीच्या बाजूला नानांचं फाटकाचं खोपटं. नानांना तिथंच चौकीदार म्हणून ठेवलं होतं. राखायला तसं काही उरलं नव्हतं. पण नाना रोज सकाळी उठून अंगात तो जुना निळा कोट घालायचे आणि भरावावरून एक फेरी मारून यायचे.

लोक त्या भरावाला रूळवाट म्हणत. खालच्या रस्त्यावर टँकर आणि ट्रक यांची रीघ असायची. आठवड्याला एखादा सायकलवाला खड्ड्यात जायचाच. रूळवाटेवर मात्र गाडी नाही, धूर नाही, हॉर्न नाही. पायांनी आणि चाकांनी ती इतकी मळली होती की सायकल न मारता चालायची. किनाऱ्याकडच्या गावांत भाड्यानं राहणारे कारखान्यांतले कामगार सकाळी तिच्यावरून सायकली हाकत यायचे. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळणी डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन त्याच वाटेनं बोईसरच्या बाजाराला निघायच्या. मागून घंटी वाजायची, कोळणी बाजूला व्हायच्या, कधी शिवी हासडायच्या. एवढाच तिथला वाहतुकीचा नियम.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. त्या हिवाळ्याच्या तोंडाला एका टेम्पोवाल्याला या वाटेचा शोध लागला. खालची गर्दी चुकवायला तो पहाटेच्या अंधारात भरावावर टेम्पो घालू लागला. एक दिवस लवकर निघालेल्या एका कोळणीला त्यानं उडवलं. ती खाली चिखलात पडली, खुब्याचं हाड मोडलं. टेम्पो सापडला नाही. नाना ठाण्यात आले. ते सांगत गेले, मी अर्ज लिहिला, त्यांनी अंगठा केला: रूळवाटेवर गाड्या येऊ नयेत म्हणून अडसर लावावा. अर्जाला आवक क्रमांक पडला आणि तो फाईलला लागला. मी नानांना बाहेर नेऊन चहा पाजला, चार शब्द बोललो, ते गेले. ते चार शब्द कोणते, हे मी त्याच संध्याकाळी विसरून गेलो.

त्यानंतर साधारण महिन्याभरानं, डिसेंबरातल्या एका सोमवारी, उजाडायच्या आत एक माणूस धापा टाकत ठाण्यात शिरला. शर्टाच्या दोन्ही बाह्या रक्तानं भरलेल्या.

"साहेब, चला... गळा कापलाय... गळा..."

"कुणाचा?"

"माझ्या पाव्हण्याचा. रूळवाटंवर, मोरीपाशी."

मी तेव्हा ठाण्यात रायटर होतो. स्टेशन डायरी, जबाब, पंचनामे लिहायचं काम माझं. कागदांची पिशवी घेऊन फौजदारांच्या मागं धावलो. जखमी माणूस एका कारखान्यात फिटर होता, सांगलीकडचा. गावकऱ्यांनी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं होतं. सायकल मोरीवर आडवी पडली होती, डबा उघडून भात सांडला होता. मोरीच्या दोन्ही बाजूंना रुळाचे तुकडे खांबासारखे पुरलेले होते. त्यातल्या एका खांबाला हिरवी नायलॉनची दोरी बांधलेली, आणि तिचं दुसरं टोक मातीत लोळत होतं. वाटेवर आडवी, गळ्याच्या उंचीला कोणीतरी दोरी ताणली होती, हे सांगायला पोलीस लागत नव्हता.

ठाण्यात धावत आलेला माणूस त्याचा मेव्हणा. त्याची फिर्याद मी तिथंच लिहून घेतली. त्या सोमवारपासून त्यांच्या कारखान्याची पहिली पाळी सातऐवजी सहाची झाली होती, म्हणून ते दोघं नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. पाव्हणा पुढं, हा शंभर पावलं मागं. "आवाज बी आला न्हाई साहेब. नुसती सायकल पडल्याचा आवाज. दोरीत अडकून पडला व्हता. मी दोरीला एक हिसका दिला तशी ती सुटली."

शब्दाला शब्द लिहिलं. नीट वाचलं मात्र नाही.

फौजदार म्हणाले, "काप ती दोरी आणि घे ताब्यात." मी ती मधून कापली. दोन्ही टोकं, गाठीसकट, तशीच ठेवली. यात माझी हुशारी नाही. लहानपणी गाठीवर विळा चालवला म्हणून वडिलांचा मार खाल्लेला होता. गाठ कापायला हात धजतच नाही. मुद्देमालात तीन वस्तू लिहिल्या: दोरी, सायकल, आणि मोरीपासून दहा पावलांवर चिखलात सापडलेलं पांढऱ्या धोतराचं फडकं. फडकं जखमी माणसाच्या डब्याचं असेल असं आम्ही धरलं.

जवळचं घर नानांचं. फौजदारांनी मलाच पाठवलं. नाना पीठ मळत होते. परातीत पाणी जास्त झालं होतं, पीठ हाताला चिकटत होतं, तरी ते मळतच होते.

"नाना, पहाटे कोणी दिसलं का मोरीकडं?"

"न्हाई."

"काही आवाज?"

"न्हाई रं."

मी जबाब लिहिला, त्यांनी पिठाचा हात पुसून अंगठा केला. इतका वेळ ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हातारा घाबरला असेल असं मला वाटलं. घाबरलेलो तर मीही होतो.

दुपारी खबर आली. ठाण्यासमोरच्या टपरीवर एक परप्रांतीय कामगार मला म्हणाला, "साहब, हमारा नाम मत लेना. दांडी का एक लड़का है, उसने आठ दिन पहले सबके सामने बोला था, एक-एक का गला घोंट दूँगा." चौकशी केली तर खरं निघालं. या मुलाच्या आईची पाटी एका सायकलवाल्यानं पाडली होती, त्यावरून रूळवाटेवर मोठी बाचाबाची झाली होती. वय बावीस-तेवीस, आपल्या चुलत्याच्या बोटीवर जाणारा. बोटीवर हिरवी नायलॉनची दोरी होतीच. संध्याकाळच्या आत तो लॉकअपमध्ये आला.

दुसऱ्या दिवसापासून रूळवाटेवर भीती उतरली. दिवसासुद्धा लोक घोळक्यानं जायचे. सायकलवाले एका हातानं हँडल धरायचे आणि दुसरा हात गळ्यासमोर आडवा. कोणी हँडलला उभी काठी बांधली. कोणी वाटच सोडली आणि पुन्हा टँकरच्या रस्त्यानं जाऊ लागले. त्यातले दोघं पहिल्याच दिवशी खड्ड्यात गेले. मला तिथं गस्तीची ड्यूटी लागली. मी पोलीस, कमरेला पट्टा, बाहीवर दोन फिती, आणि मीसुद्धा गळ्यासमोर हात धरूनच सायकल चालवली. समोर काही नसतानाही मान मागं जायची.

कामगारांचा निरोप आला: दांडीवाल्यानं कबुली दिली नाही तर गुरुवारी सगळे मिळून दांडीवर जाणार. दांडीचाही निरोप आला: या. फौजदार दोन दिवस जेवले नाहीत. कोर्टातून पोलीस कोठडी मिळाली होती, कलम ३०७, जिवे मारण्याचा प्रयत्न. सिद्ध झालं असतं तर त्या पोराची उमेदीची वर्षं तुरुंगातच गेली असती.

चौकशीला मी लिहायला बसायचो.

"दोरी कुठली?" फौजदारांनी विचारलं.

"बोटीवरची दिसते."

"तुझ्या बोटीवरची?"

"अशी दोरी दांडीला घरोघर हाय साहेब. किनाऱ्याला पन पडलेली असते. कोनीपन उचलतो."

"आणि गळा घोटीन म्हणाला होतास ते?"

"बोललो. आयशीची पाटी पाडली नि हसत गेला. तुमच्या आयशीची पाडली असती तर तुमी काय बोलला असता?"

त्याला दोन थपडा बसल्या. त्या काळी त्या बसायच्या, मी लपवत नाही. पोरगा रडला नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "बोटीवर नेऊन बुडवा, पन मी न केल्याला हो बोलनार नाय." मी खूप गुन्हेगार नंतर पाहिले. खोटं बोलणारा माणूस आपल्या शब्दाचा परिणाम काय झाला ते बघायला तुमच्या तोंडाकडं बघतो. हा बघत नव्हता.

त्याची आई मंगळवारी उजाडताच आली आणि ठाण्याच्या पायरीवर पाटी उलटी करून तिच्यावर दिवसभर बसून राहिली. हवालदार उठवायचे, ती पलीकडच्या पायरीवर जाऊन बसायची. "माजा पोर तोंडाचा वाईट हाय," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हाताचा नाय."

बुधवारी सकाळी फौजदारांनी तिला आत बोलावलं. दोरी तिच्याकडून ओळखून घ्यायची आणि तसा जबाब घ्यायचा, म्हणजे प्रकरण पक्कं होईल, असा विचार होता. मी मुद्देमालाची पिशवी उघडली.

"ही दोरी तुमचीच ना?"

तिनं ती हातात घेतली, बोटांत फिरवली. "दोरी आमची. दर्यातली." मग टोक वर धरून म्हणाली, "पन ही गाठ कोनची? अशी गाठ आमच्यात कोनी बांधली तर त्याला बोटीवर घेनार नायत."

"का?"

"आमची गाठ भिजली की आवळते. सुरी लावल्याबिगर निघत नाय. नि ही बगा." दोरीच्या टोकाला फास होता, त्यातून एक फुगीर गाठ ओवून बसवलेली. तिनं अंगठ्यानं ती नुसती ढकलली. फास उघडला. "ही तर सुटायलाच बांधलीय."

फौजदार वैतागले. "म्हातारे, तू काय वकील आहेस?"

"वकील नाय साहेब. पन चाळीस वर्सं मासळीची जाली शिवते."

फौजदारांनी तिला बाहेर काढलं. मी दोरी परत पिशवीत ठेवू लागलो आणि माझी बोटं तिथंच थांबली. त्या गाठीला डोळ्यांच्या आधी बोटांनी ओळखलं. आमच्याकडं बैलाच्या गळ्यातलं दावं असं असतं. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला फुगीर गाठ. गाठ फासातून ओवली की बैलानं कितीही ओढलं तरी सुटत नाही, आणि माणसानं एक हिसका दिला की सुटते. रोज सकाळी सोडायचं, रोज रात्री बांधायचं, म्हणून तशी असते. मेव्हणा म्हणाला होता, एक हिसका दिला तशी सुटली. ते मीच लिहिलं होतं. मग फडकं काढून बघितलं. त्याच्या एका कोपऱ्याला नायलॉनचा हिरवा धागा अडकला होता.

जीव घ्यायला बसलेला माणूस रोज सोडायची गाठ कशाला बांधेल? आणि ती गाठ बांधता येणारी, आमच्या मुलखातली, त्या मोरीपासून हाकेच्या अंतरावर वावरणारी दोनच माणसं मला माहीत होती. त्यातला एक मी.

मी कोणाला काही बोललो नाही. दुपारनंतर पोटात कळ आली म्हणून सांगितलं आणि सायकल काढली. उन्हं कलायला लागली होती. खोपट्याच्या दारात नाना नुसते बसले होते. चूल थंड होती.

"आलास व्हय. बस."

मी बसलो नाही. "नाना, मोरीवर दाव्याची गाठ तुम्ही मारली?"

ते जमिनीकडं बघून म्हणाले, "तुज्या बापानं दोऱ्या वळल्यात. तुला पयल्या दिशीच कळंल असं वाटलं व्हतं मला."

तेव्हा बसलो.

"फाटक लावलं मी," नाना म्हणाले. "रातच्याला अकराची पाळी गेली की लावायचं, सकाळी सहाचा भोंगा झाला की काढायचं. धा दिस झालं. त्यो टेम्पो दोन डाव येऊन माघारी गेला. फडकं बी बांधलं व्हतं, पांढरं. लाल अंधारात दिसत न्हाई. वाऱ्यानं गेलं आसंल."

"आणि सोमवारी?"

"भोंग्याची वाट बघत व्हतो रं. कोट घालून उभा व्हतो इथं. सातच्या पाळीची माणसं भोंग्याच्या आदी कदी येत न्हाईत, कदीच आली न्हाईत." त्यांनी भरावाकडं हात केला. "पाळी बदलली म्हणत्यात. कोन म्हणलं मला? रेल्वेत टायम बदलला तर फाटकवाल्याला कागद येतो. सही घेत्यात त्यावर. मला कागद आला न्हाई."

बत्तीस वर्षं या माणसानं भोंग्यावर आणि कागदावर फाटक लावलं-काढलं होतं. गाडी गेली, रूळ गेले, तरी त्याच्या डोक्यात फाटकाचा नियम तोच होता. कागद आला नाही म्हणजे वेळ बदलली नाही. त्याचं चुकलं ते एवढंच, आणि त्या एवढ्यानं एक माणूस दवाखान्यात नळीतून श्वास घेत होता.

"मग जबाबात नाही का म्हणालात? तिकडं दांडीचा पोरगा आत आहे नाना. मार खातोय."

त्यांनी थंड चुलीत एक काटकी सारली.

"नाना!"

"तूच म्हणला व्हतास," ते हळूच बोलले.

"मी? काय?"

"अर्ज दिला त्या दिशी. च्या पाजलास बग. म्हणलास, नाना, अर्जानं काय हुत नसतंय. तुमी जन्मभर फाटक लावलं, तुमीच एखादी दोरी लावा की." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "माजं म्हाताऱ्याचं काय. पर माजं नाव आलं की तुजं आलं. तुजी नोकरी गेली आसती. त्या पोराला पुराव्याबिगर सोडत्याल, आसं वाटलं मला."

ते चार शब्द. हसत हसत बोललो होतो मी.

इथं खरं ते लिहितो, नाहीतर ही आठवण लिहिण्यात अर्थ नाही. मी लगेच उठलो नाही. मी हिशोब केला. हे नानांना माहीत, मला माहीत. नाना मरेपर्यंत बोलणार नाहीत. गाठीबद्दल एका कोळणीचा शब्द, तो कुठं लिहिलेला नाही. गावाकडं आई होती, दोन बहिणी होत्या, आणि सातवी शिकलेल्याला दुसरी नोकरी कोण देणार होतं?

तेवढ्यात भरावावरून एक कोळीण गेली. बाजारातून परत चालली होती. एका हातानं डोक्यावरची रिकामी पाटी धरलेली, आणि दुसरा हात गळ्यासमोर. चालणाऱ्या बाईला सायकलीच्या वेगाची भीती नव्हती, तरी हात तिथंच होता. मी ज्या वाटेवर दोरी लावायला सांगितली होती, त्या वाटेवरून आता सगळे असेच चालत होते.

नानांनीही पाहिलं. ते उठले, खुंटीवरचा निळा कोट घातला, बटणं लावली. "चल. किती बी अंगठे करतो."

आम्ही रूळवाटेनं चालत ठाण्यात आलो. सायकल मी हातात धरली होती.

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं. नानांना बाहेर बसवलं, दार लावलं.

"तू दोरीचं म्हणालास, हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"नानांना."

"आणि?"

"आता तुम्हाला, साहेब."

ते माझ्याकडं बघत राहिले. त्या नजरेत राग होता, आणि थोडा वेळ मला सुटकेचं एक उघडं दारही दिसलं. मग त्यांनी कागद माझ्याकडं सरकवले. "बस. तुझा जबाब तूच लिही. हात का थरथरतोय?"

"थरथरतोच साहेब. नेहमीच."

"तसाच लिही."

त्या संध्याकाळी फौजदार स्वतः कामगारांच्या वस्तीवर गेले. दोरी, फडकं आणि ती गाठ त्यांनी जखमीच्या मेव्हण्याच्या हातात दिली. त्यानं स्वतः गाठ बसवून, हिसका देऊन बघितली. गाठ सुटली. तो म्हणाला, "आमच्या गोठ्यात बी हेच हाय की वो." गुरुवारी दांडीवर कोणी गेलं नाही.

कलम १६९ प्रमाणे, म्हणजे पुरावा नसल्याचा, अहवाल जाऊन पोराची सुटका झाली. त्याची आई त्याला घ्यायला आली तेव्हा नाना ठाण्याच्या बाकावर बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही पाटी यांच्या डोक्यात घालणार.

"नाना," ती म्हणाली, "टेम्पो आमच्या बायांना मारतो म्हनून बांधलीस, ते बरं केलंस. पन माजे पोराला तीन दिस आत ठेवलंस. येडा हायस काय तू?"

नानांनी हात जोडले. तिनं पोराच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याला घेऊन गेली.

नानांवर कलम ३३८ लागलं, निष्काळजीपणानं गंभीर दुखापत. त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. ते कोट घालून ताठ बसून राहिले. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईची नोंद झाली आणि बढती कित्येक वर्षं मागं गेली. नोकरी राहिली. फौजदारांनी वरती काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही, पण माझी नोकरी राहिली ती त्यांच्या लिहिण्यामुळे. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

दीड-दोन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या परवानगीनं रूळवाटेच्या दोन्ही टोकांना रुळाचे तुकडे उभे पुरायचं ठरलं. सायकल आणि माणूस जाईल, टेम्पो जाणार नाही, एवढं अंतर ठेवून. खड्डे कामगारांनी आणि दांडीच्या पोरांनी मिळून खणले. आत बसलेला तो पोरगाही होता, कोणाशी न बोलता सगळ्यात जास्त माती उपसत होता. अंतर मापायला एक सायकल खांबांच्या मधे उभी धरली होती.

"पुरे एवढं," एक कामगार म्हणाला. "हँडल जातंय."

"नि मी?" पोराची आई मागून ओरडली.

"मावशे, तुझी पाटी डोक्यावर. ती खांबाच्या वरनं जाईल की."

"पाटी जाईल रे मेल्या! मी काय सायकलीएवरी बारीक हाय?"

सगळे हसले. ती पाटी घेऊन दोन्ही खांबांमधून चालून आली आणि एक खांब वीतभर पलीकडं सरकला. डिसेंबरानंतर त्या वाटेवर मी हसणं ऐकलं ते तेव्हाच.

नाना लांब, आपल्या खोपट्यापाशी उभे होते. कोणी बोलावलं नव्हतं आणि ते आपणहून येत नव्हते. इतक्यात समुद्राच्या बाजूनं एक सायकल आली. तो फिटर होता. त्या सोमवारनंतर पहिल्यांदाच. गळ्याला मफलर. खांबापाशी तो उतरला, सायकल हातानं मधून काढली, आणि सरळ नानांकडं गेला. मी मागोमाग धावलो.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याचा आवाज परत आला होता, पण पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. एकेक शब्द तो थांबून बोलत होता.

"नाना, येत्या सोमवारपासनं पाळी परत सातची. नोटीस लागलीय. उतरून आणलीय तुमच्यासाठी."

नानांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी वरून खालपर्यंत बघितला. मग मला म्हणाले, "शाईचा डबा हाय का रं? सही घेत्यात ह्यावर."

माझ्या पिशवीत डबा होता. त्यांनी अंगठा केला आणि कागद त्या माणसाला परत दिला. त्यानं तो घडी करून पुन्हा खिशात ठेवला.

पुढं मी अनेक ठाण्यांत काम केलं, शेवटी फौजदार म्हणून निवृत्त झालो. पुरावा बघताना तो कसा बांधलाय यापेक्षा तो कसा सुटणार होता हे आधी बघायचं, हे मला त्या कोळणीनं शिकवलं. तिचं म्हणणं मी जबाबात लिहून घ्यायला हवं होतं, ते राहिलं. आणि हसत बोललेला शब्दसुद्धा खाकीतल्या माणसाचा असेल तर समोरचा तो हुकूम समजतो, हे मी स्वतःच्या सर्व्हिस बुकातून शिकलो. त्यानंतर कुठंही बंदोबस्ताची वेळ बदलली, रस्ता वळवला, पूल बंद केला, की फलक लागला तरी माझं समाधान व्हायचं नाही. कोणाला कळवायचं राहिलंय, हा प्रश्न डोक्यात घोळत राहायचा. माझे शिपाई हसायचे, साहेब फार भितात म्हणायचे. मी भितोच. वाचता न येणारा एखादा माणूस त्या बाजूला राहतो असं कळलं, की मी स्वतः सायकल काढून त्याला सांगायला जायचो.